गती, त्वरण, घर्षण: बेळगाव-खानापूर बसच्या खिडकीतून

माझा भाचा नववीत आहे, मराठी मीडियम, खानापूर तालुक्यातलं गाव. परवा त्याचा फोन, मामा व्ही बरोबर यू अधिक एटी पाठ झालंय खरं त्यातला ए म्हणजे नेमकं काय तेच कळेना. (आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण', पुण्याकडच्यांनी समजून घ्यावं.) मी विचारलं, बस साठच्या स्पीडनं सरळ चाललीय, काटा जरापण हलत नाही, तर त्वरण किती? म्हणाला साठ. तिथंच गाडी अडते बघा, आणि त्याची एकट्याची नाही, पीयूसीला (म्हणजे अकरावी-बारावीला) सायन्स घेतलेल्या पोरांचीपण. उत्तर शून्य आहे. का शून्य, हे ज्याला पटलं त्याचा अर्धा धडा झाला.

आधी शब्दांचं बघू कारण आपल्याकडं तीन भाषांचा घोळ. मराठी पुस्तकात चाल, वेग, त्वरण. शेजारच्या कन्नड शाळेत जव, वेग, वेगोत्कर्ष. आणि दहावी झाली की पीयूसीला सगळं इंग्रजीत, स्पीड, व्हेलॉसिटी, अ‍ॅक्सिलरेशन. वहीच्या शेवटच्या पानावर तिन्ही शेजारी शेजारी आत्ताच लिहून ठेवा, पुढं रडायची वेळ येणार नाही. कन्नडमधला वेगोत्कर्ष मला आवडतो, खरं उत्कर्ष म्हटलं की वाढच डोळ्यासमोर येते आणि ब्रेक मारल्यावरचं त्वरण डोक्यातून निसटतं. आपल्या त्वरणात त्वरा आहे, तीपण तशीच फसवते. त्वरण म्हणजे घाई नव्हे, वेगात झालेला बदल, वाढो, कमी होवो नाहीतर नुसती दिशा वळो.

आता खानापूरच्या बसला बसा, खिडकीची सीट पकडा. बेळगावातनं रस्त्यानं साधारण 26 किलोमीटर. जाऊन परत आलात तर अंतर झालं 52 किलोमीटर आणि विस्थापन शून्य, कारण निघालात तिथंच येऊन उतरलात. तिकीट मात्र अंतराचं काढावं लागतं, विस्थापनाचं नाही, हे लक्षात ठेवलं की दोन्हीत कधी गोंधळ होत नाही. मच्छे गाव सोडलं की रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड बघत राहा, एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंत फोनवर स्टॉपवॉच लावा, आणि 3600 ला त्या सेकंदांनी भागा. 90 सेकंद लागले तर ताशी 40 किलोमीटर, 60 लागले तर 60. ही झाली त्या एका किलोमीटरची सरासरी चाल, मधे म्हैस आडवी आली का ड्रायव्हरनं कुणाला चढवून घेतलं याचा तिला पत्ता नसतो. आणि गणितात शिरायच्या आधी किमी/तासचं मी/से करायचं, 5 नं गुणून 18 नं भागायचं, 36 चे 10, 54 चे 15, 72 चे 20. एवढे तीन पाठ असले तरी पुष्कळ.

चाल आणि वेग (म्हणजे चाल अधिक दिशा) यातला फरक बघायचा तर बेळगावातल्या चन्नम्मा सर्कलला बघा. समजा रिक्षा ताशी 18 वरच ठेवून सर्कलला वळसा घालते. काटा जागचा हलत नाही म्हणजे चाल तीच, खरं तोंड सारखं फिरतंय म्हणजे वेग बदलतोय, म्हणजे त्वरण आहेच. तुम्ही रिक्षात वळणाच्या बाहेरच्या बाजूला कलंडता ते उगीच नाही. आपल्या अंगाला स्पीड कळतच नाही हो, कळतो तो फक्त वेगातला बदल. सपाट रस्त्यावर एकाच वेगानं बस चालली की झोप लागते, आणि ब्रेक मारला की पुढच्या सीटवर कपाळ.

डोळ्यांनी बघायचं असेल तर पाण्याची बाटली जवळजवळ भरून घ्या, एक बुडबुडा राहील एवढीच जागा सोडा, आणि मांडीवर आडवी धरा, टोपण ड्रायव्हरच्या दिशेला. बस वेग घेताना बुडबुडा पुढं पळतो, ब्रेकला मागं येतो, एकसारखा वेग असला की मधे. हे सपाट रस्त्यावरच करा, चढावर बुडबुडा चढाचंपण सांगायला लागतो. बुडबुडा पुढं का, मागं का नको, हे पोरांना मी लगेच सांगत नाही, एकदोन दिवस डोकं खाजवू देतो. (पाणी जड, ते मागं राहतं, म्हणून हवेला पुढं जागा मिळते.)

आता ते सेकंदाचा वर्ग प्रकरण, कारण त्वरण मोजतात 'मीटर प्रति सेकंदाचा वर्ग' असं. पोरं विचारतात सर सेकंदाचा वर्ग कसा असतो हो, चौकोनी सेकंद? बरोबर विचारतात. तसं काही नसतं, ते वाचायचं 'दर सेकंदाला, इतके मीटर प्रति सेकंद'. स्टॉपवरनं सुटलेली बस 20 सेकंदात ताशी 36 म्हणजे 10 मी/से ला पोचली, तर दर सेकंदाला अर्धा मी/से वाढला, त्वरण 0.5. तेवढ्यात ती 100 मीटर पुढं गेलेली असते. तीच बस 5 सेकंदात थांबली तर त्वरण उणे 2, आणि थांबेपर्यंत 25 मीटर जाते. आता हायवेवर तीच 72 नं येतेय आणि ब्रेक तेवढाच लागतोय असं धरा, किती मीटर लागतील? सगळे 50 म्हणतात. करून बघा, 72 म्हणजे 20 मी/से, वेगाचा वर्ग 400, भागिले त्वरणाची दुप्पट, दोनदा दोन म्हणजे 4, आले 100 मीटर. स्पीड दुप्पट, थांबायला चौपट. ड्रायव्हरला ब्रेक मारायचं सुचेपर्यंतचे मीटर वेगळेच.

आणि हा ब्रेक लागतो कशाच्या जिवावर? घर्षणाच्या. पुस्तक वाचून पोरांचा समज होतो की घर्षण म्हणजे नुसतं अडवणारं, शत्रूच. अहो घर्षण नसतं तर बस स्टँडवरनं हललीच नसती! इंजिन चाक फिरवतं, चाक रस्त्याला मागं ढकलतं, आणि रस्ता घर्षणानं बसला पुढं ढकलतो. पावसाळ्यात रुतलेल्या ट्रॅक्टरचं चाक जागच्या जागी गरगरतं तेव्हा इंजिन चालूच असतं, कमी पडतं ते घर्षण, म्हणून तर चाकाखाली पोतं टाकतात. तांदळाचं पोतं सरकवताना पहिला धक्का जोरात द्यावा लागतो आणि एकदा हललं की सोपं जातं, ते यामुळंच की स्थितिक घर्षण गतिक घर्षणापेक्षा जास्त असतं.

घरी मोजायचं असेल तर एक फळी आणि एक वीट पुरे. फळीवर वीट आडवी ठेवा, फळीचं एक टोक हळूहळू उचला, वीट सुटली की थांबा. उंची भागिले जमिनीवरची लांबी, हा झाला घर्षणांक. उंची 30 सेंटीमीटर आणि खाली लांबी 60 आली तर 0.5. मग वीट उभ्या कडेवर ठेवून परत करा. टेकलेली जागा कमी होते तरी वीट साधारण त्याच उंचीला सुटते, हे भाच्याला पटेना म्हणून त्यानं पाच वेळा केलं. (खाच असलेली बाजू खाली नको, आणि पाय बाजूला ठेवा.)

लोंढ्यावरनं गोव्याला रेल्वेनं गेलेल्यांनी कॅसलरॉकच्या पुढचा घाट बघितला असेल. गोव्याकडनं वर येताना तिथं चढ 37 ला 1, म्हणजे 37 मीटर पुढं गेलं की 1 मीटर वर. पोलादी चाक पोलादी रुळावर हलकं फिरतं हा फायदा, खरं पकड कमी हा तोटा, त्यामुळं गाडीला जास्तीची इंजिनं लावतात आणि चाक घसरायला लागलं तर इंजिनातनं रुळावर वाळू सोडायची सोय असते.

शेवटी एक गणित, आपल्याच जिल्ह्यातलं. गोकाकचा धबधबा साधारण 52 मीटर. जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, 9.8 धरा. वरनं सुटलेलं पाणी खाली यायला हवा नसती तर सव्वातीन सेकंद लागले असते आणि खाली पोचताना वेग ताशी 115 किलोमीटरच्या आसपास. खरं हवा आहे, तीपण घर्षणासारखंच अडवते. पावसाळ्यात गेलात तर लांबूनच फोनवर व्हिडिओ काढा, पाण्याचा एकच लोट वरनं खालपर्यंत नजरेत धरा आणि सेकंद मोजा. सव्वातीनच्या वर जेवढं येईल तेवढं हवेच्या नावावर लिहा.