कड सुटली म्हणजे पॅन सुटला असं नाही

मेकअप आर्टिस्टची असिस्टंट म्हणून काम सुरू केलं तेव्हा माझ्या बॅगेत आयशॅडो आणि ब्लशचे 19 कॉम्पॅक्ट होते. प्रत्येकाला झाकण, प्रत्येकाला आरसा, निम्म्यांत एक कधीच न वापरलेला चिमुकला ब्रश. समोरचं माणूस डोळे मिटून बसलंय आणि आपण खटाखट झाकणं उघडत एक तपकिरी शेड शोधतोय, ही फजिती ज्यांची झाली आहे त्यांना डीपॉट, म्हणजे मूळ डब्यातून पॅन काढून घेणं, कशासाठी करायचं हे सांगायला नको. पॅन म्हणजे पावडर दाबून बसवलेली पत्र्याची उथळ ताटली; काढलेले पॅन रिकाम्या चुंबकी पॅलेटमध्ये, म्हणजे तळाला चुंबक असलेल्या एकाच सपाट डब्यात, शेजारी शेजारी बसवायचे. मी काय काय फोडलं, तेवढंच सांगते.

एका रात्रीत तीन फोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी काम होतं आणि मला नव्या पॅलेटसह मिरवायचं होतं. हाच मूर्खपणा. कामाच्या आदल्या रात्री डीपॉट करू नका. अगदी ‘एकच पॅन आहे’ असं वाटलं तरी नाही.

तर झालं असं. पॅन प्लास्टिकच्या ट्रेला गोंदाने चिकटवलेला असतो. मी ट्रे खालून गरम केला, दीड-एक मिनिटाने पातळ पातं कडेत सरकवलं, आणि कड अलगद वर आली. इतकी सहज की मला हसू आलं. पातं थोडं आणखी आत घालून वर रेटलं. कट् असा बारीक आवाज आला आणि ब्लशच्या मधोमध आडवी चीर गेली. दुसऱ्या पॅनला तेच. तिसऱ्याला ‘आता हळू करते’ म्हणून हळू रेटलं. तो हळू फुटला, एवढाच फरक.

हे नीट समजून घ्या, कारण सगळं काम इथेच बिघडतं. गोंद पॅनच्या तळाला सगळीकडे सारखा लागलेला नसतो. पुष्कळदा मधोमध एक जाड ठिपका असतो आणि कडा मोकळ्याच असतात. त्यामुळे कड वर येते ती गोंद सुटला म्हणून नाही, तर पत्रा वाकला म्हणून. पत्रा फार पातळ असतो, बोटानेही वाकतो. त्याच्यात बसलेली पावडर मात्र वाकू शकत नाही. टाल्क, मायका, रंगद्रव्यं आणि त्यांना धरून ठेवायला थोडासा बाइंडर, एवढ्यावर दाबून केलेली ती वडी. पत्र्याला जरा बाक आला की तिला चीर. मी कित्येक दिवस उष्णतेला दोष देत होते, की जास्त तापलं म्हणून फुटलं. उलट होतं. मधला गोंद पुरेसा तापलाच नव्हता.

मग सुटला हे ओळखायचं कसं? उचलून बघायचं नाही. आडवं ढकलायचं. चिमट्याचं टोक पॅनच्या पत्र्याच्या कडेला टेकवा, पावडरला नाही, आणि बाजूला रेटा. गोल पॅन असेल तर तो जागच्या जागी फिरला पाहिजे. चौकोनी असेल तर अख्खाच्या अख्खा केसभर सरकला पाहिजे, समोरची कडसुद्धा. जवळची कड हलली आणि समोरची ढिम्म राहिली, तर पुन्हा गरम करायला ठेवा. पुन्हा तेच, पुन्हा ठेवा. मला एका हट्टी पॅनसाठी पाच वेळा ठेवावं लागलं होतं. पॅन फिरला की मगच पातं खाली घाला, आणि एकाच जागेवरून रेटण्याऐवजी चहूबाजूंनी थोडं थोडं सैल करत या.

घाबरू मात्र नका. हाताला त्या फिरण्याची खूण एकदा कळली की ती विसरत नाही. चौथ्या पॅनपासून आजवर माझा फक्त एक फुटला, आणि तो हातातून पडून.

गरम करण्याचं म्हणाल, तर मी हेअर स्ट्रेटनर वापरते: सगळ्यात कमी तापमान, उघडा ठेवून पट्टीवर बटर पेपर, त्यावर ट्रे. आधी बाहेरचा डबा सांध्यातून उघडून आतला ट्रे वेगळा काढायचा, म्हणजे उष्णता थेट तळाला पोचते. स्ट्रेटनर 200 अंशांच्या पुढेही जातो आणि डब्यांचं प्लास्टिक बहुधा 100 अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागतं, म्हणून घाईने तापमान वाढवायचं नाही. वास यायला लागला तर ते प्लास्टिक आहे, गोंद नाही, लगेच उचला. खिडकी उघडी हवी. निघालेला पॅन चटका देतो, बोटाने पकडू नका. मी पकडलाय.

मेणबत्तीवर ट्रे धरणारे सीनियर मी पाहिलेत. ज्यांच्या हाताखाली मी शिकले त्याही हेच करायच्या आणि ‘आम्ही वर्षानुवर्षं असंच करतो’ म्हणायच्या. त्यांच्याकडून मी त्वचा वाचायला शिकले, त्याबद्दल मी ऋणी आहे. पण हात बसलेल्या माणसाची सवय ही शिकाऊसाठी पद्धत नसते. ज्योत एका बिंदूला जाळते, बाकीचा तळ थंड राहतो, वर काजळी. मायक्रोवेव्हचा सल्ला देणाऱ्याशी तर वादही घालू नका. धातूचा पॅन आहे तो.

पुठ्ठ्याच्या पॅलेटला उष्णता चालत नाही. तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोल: ड्रॉपरने पॅनच्या कडेने थेंब सोडा, पुठ्ठ्यात मुरू द्या, थांबा. आणि इथे माझा आवाज चढतो: अल्कोहोल आणि आग एका टेबलावर नको. 99 टक्क्यांच्या आयसोप्रोपिलची वाफ साधारण 12 अंश सेल्सिअसलाच पेट घेऊ शकते, म्हणजे खोलीतल्या हवेत ते कायमच पेटण्याजोगं असतं. स्ट्रेटनरचा प्लग काढा, तो थंड होऊ द्या, मग बाटली उघडा.

क्रीम ब्लश, क्रीम कन्सीलर गरम करू नका, मेण वितळून सगळं वाहतं. बेक्ड, म्हणजे भाजून केलेल्या, घुमटासारख्या उत्पादनांना हात न लावलेला बरा.

पॅन निघाला की मागचा गोंद अल्कोहोलने पुसून काढा, नाहीतर पॅन डुगडुगतो. आणि डीपॉट करायच्या आधीच तळाला चुंबक लागतोय का बघून ठेवा. टिनचा मुलामा दिलेला पोलादी पॅन चिकटतो, ॲल्युमिनियमचा चिकटत नाही. तो घट्ट बसलेला दिसतो आणि पॅलेट उभं धरलं की मांडीवर येतो. त्याला मागून धातूचा स्टिकर लावावा लागतो. आयशॅडोचा गोल पॅन बहुधा 26 मिलिमीटरचा असतो, ब्लशचा 36-37 च्या आसपास; कप्पे पाडलेलं पॅलेट घेण्यापेक्षा सपाट मोकळं घ्या.

डबा फेकायची घाई नको. आधी फोटो काढा: शेडचं नाव, बॅच नंबर, घटकांची यादी, आणि उघड्या बरणीच्या चित्रातला 12एम किंवा 24एम हा आकडा, म्हणजे उघडल्यापासून किती महिने वापरायचं ते. पॅनच्या मागे नाव आणि उघडल्याची तारीख चिकटवा. एकदा एका बाईंनी विचारलं, ‘यात कार्माइन आहे का? मला चालत नाही.’ कार्माइन म्हणजे कीटकांपासून काढलेला लाल रंग. माझ्याकडे चार गुलाबी पॅन होते आणि एकाचंही नाव नव्हतं. ती गुलाबी मी त्या दिवशी वापरलीच नाही.

फुटलंच तर? रडू नका. तुकडे बारीक करायचे, 90 टक्क्यांच्या वरचं अल्कोहोल थेंबाथेंबाने घालून दाट लगदा, टिश्यू ठेवून सपाट वस्तूने दाबायचं, रात्रभर उघडं ठेवायचं. 70 टक्क्यांचं जंतू मारायला चांगलं, इथे त्यातलं पाणी वाळायला वेळ लावतं. चमकदार शेड बऱ्यापैकी सावरतात. मॅट मात्र कधीकधी दगड होतात, ब्रशला रंगच देत नाहीत. ‘अगदी नव्यासारखं’ म्हणणाऱ्या व्हिडिओंत तो दुसऱ्या दिवसाचा ब्रश कधी दाखवत नाहीत.

माझा तो पहिला ब्लश मी पुन्हा दाबलाच नाही. भुगा करून छोट्या डबीत भरला, सुटी पावडर म्हणून वापरते. 19 पैकी तेवढी एकच डबी अजून झाकणासकट बॅगेत असते.