व्हिडिओ एआयचा आहे का? बोटं मोजत बसू नका, आला कुठून ते बघा

आमच्या काकांनी परवा फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ टाकला, एक मोठे साहेब शेअरची टिप देतायत आणि खाली जॉइन व्हायची लिंक. काका म्हणे अरे स्वतः बोलतोय की तो माणूस! हेच तर आहे ना, आता 'स्वतः बोलतोय' याला काही किंमत उरली नाही. जानेवारी २०२४ मध्ये सचिनचा गेमिंग ॲपची जाहिरात करतानाचा व्हिडिओ फिरला, सचिनलाच सांगावं लागलं की तो मी नव्हेच. एप्रिलमध्ये एनएसई या शेअर बाजाराच्या एमडींचा चेहरा आणि आवाज वापरून शेअरच्या टिप्स दिल्या, तेव्हा एनएसईने स्पष्ट सांगितलं की आमच्या माणसांना असल्या टिप्स द्यायची परवानगीच नाही. म्हणजे व्हिडिओ झूम करायच्या आधी एवढंच विचारा, हा माणूस हे असं सांगेल का, आणि त्याच्या ऑफिशियल अकाउंटवर हे आहे का. नसेल तर विषय संपला.

बोटं सहा आहेत का, पापणी लवते का वगैरे जुन्या ट्रिका आता फारशा चालत नाहीत, बोटं नीट काढायला शिकलंय एआय.

व्हॉट्सॲपवर मेसेजवर दोन बाण दिसले तर तो खूप हातांमधून फिरून आलाय. खोटाच असेल असं नाही, पण पाठवणाऱ्याने तो बनवलेला नाही एवढं नक्की. मग व्हिडिओ पॉज करायचा, दोन-तीन ठिकाणचे स्क्रीनशॉट काढायचे आणि गूगल लेन्समध्ये टाकायचे, जुना असेल तर बऱ्याचदा पहिल्यांदा कुठे आला ते सापडतं. हे महत्त्वाचं का, तर एआय नसतानाही घात होतो. २०१८ मध्ये मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा सुटल्या होत्या, तेव्हा फिरणारा एक व्हिडिओ मुळात कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्मचा होता, फक्त मूल परत आणून सोडतात तो शेवट कापलेला. त्याच अफवांच्या लाटेत १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागायला आलेल्या ५ जणांना जमावाने ठेचून मारलं.

आणि हो, 'चॅटजीपीटीला विचारलं, खरं आहे म्हणाला' हा पुरावा नाही हं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या वकिलांनी त्याने दिलेले निकाल कोर्टात सादर केले, ते निकाल अस्तित्वातच नव्हते, ५००० डॉलर दंड बसला. त्याच्याकडून फार तर लिंक घ्या आणि ती स्वतः उघडून वाचा. केंद्र सरकारच्या योजनेचा मेसेज असेल तर पीआयबी फॅक्ट चेक, म्हणजे केंद्राच्याच माहिती खात्याचं खरं-खोटं तपासणारं पान, बघा.

एक मात्र करा, ग्रुपमध्ये सगळ्यांसमोर 'फेक आहे' असं लिहू नका, माणूस इरेला पेटतो. मी काकांना फोन केला. आता ते टाकायच्या आधी मला पाठवतात, सकाळी सहा वाजल्यापासून.