काढलेली फाइल रिपॉझिटरीतून जात नाही

नोकरीला लागून दुसराच आठवडा होता. गिट म्हणजे कोडच्या प्रत्येक आवृत्तीचा इतिहास ठेवणारं साधन. 'गिट ॲड डॉट' करून फोल्डरमधलं सगळंच घेतलं, कमिट केलं म्हणजे इतिहासात नोंदवलं, पुश केलं म्हणजे टीमच्या रिपॉझिटरीत पाठवलं. त्यात मेव्हनचं (जावाचं बिल्ड टूल) अख्खं टार्गेट फोल्डर गेलं, आतल्या ४० एमबीच्या जारसकट, म्हणजे बिल्डमधून तयार होणाऱ्या पॅकेजसकट. मग तीन आठवडे रोज बिल्ड आणि रोज नवी जार कमिटमध्ये. कुणीतरी दाखवून दिल्यावर फोल्डर काढून टाकलं आणि विषय संपला असं समजलो.

पुढे टीममध्ये एक मुलगी आली. साताऱ्याजवळच्या गावातून, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम करायची. क्लोन, म्हणजे अख्खी रिपॉझिटरी उतरवून घेणं, मध्येच तुटायचं, आणि तुटलेलं क्लोन गिट पुढे चालू करत नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तिसऱ्यांदा तुटल्यावर तिने विचारलं, "दादा, कोड तर एवढासा आहे, मग इतकं काय उतरतंय?" मी रिपॉझिटरीचा आकार दाखवणारी 'गिट काउंट-ऑब्जेक्ट्स -व्हीएच' कमांड चालवून पाहिली. ६०० एमबीच्या वर! सगळ्या जुन्या जार इतिहासात तशाच होत्या. क्लोन म्हणजे आजच्या फाइलींसोबत तो सगळा इतिहासही येतो. टेक्स्ट फाइलीच्या दोन आवृत्त्यांत गिट फक्त फरक ठेवू शकतं. जार, झिप आधीच कॉम्प्रेस केलेल्या, तिथे ते फारसं साधत नाही.

'गिट फिल्टर-रेपो'ने इतिहास साफ केला, पण त्याने पुढच्या सगळ्या कमिटचे हॅश, म्हणजे ओळखखुणा, बदलतात. सगळ्यांना नवीन क्लोन घ्यायला लावलं, कारण एकाने जरी जुन्यातून पुश केलं तरी कचरा परत येतो. त्यात अख्खा शनिवार गेला.

आकारापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती रिव्ह्यूची, म्हणजे दुसऱ्याने बदल तपासण्याची. जारसारख्या बायनरी फाइलीचा डिफ (आधी आणि नंतरचा फरक) 'बदल झाला' एवढंच सांगतो. मार्च २०२४मध्ये एक्सझेड युटिल्स या लिनक्सवरच्या कॉम्प्रेशन टूलमध्ये सापडलेल्या बॅकडोअरचा (छुप्या चोरवाटेचा) कोड चाचणीच्या म्हणून ठेवलेल्या बायनरी फाइलींतच लपवला होता. अँड्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरना एसएसएच (दूरच्या मशीनवर जाण्याचं) लॉगिन अर्ध्या सेकंदाने मंद वाटलं, म्हणून तो उघडकीस आला.

म्हणून पहिल्या कमिटमध्येच डॉट गिटइग्नोअर, म्हणजे गिटने काय वगळायचं त्याची यादी, टाका: टार्गेट, बिल्ड, नोड मॉड्यूल्स. आधीच ट्रॅक झालेल्या फाइलीवर त्याचा परिणाम होत नाही, तिला ट्रॅकिंगमधून काढायला 'गिट आरएम --कॅश्ड' लागतं. बाहेरची लायब्ररी मेव्हनच्या पॉम फाइलीत नोंदवा, तुमची तयार जार नेक्ससवर (तयार पॅकेजेस ठेवायचा सर्व्हर) ठेवा. डिझाइनच्या मोठ्या फाइली खरंच लागत असतील तर गिट एलएफएस (मोठ्या फाइली वेगळ्या ठेवणारी गिटची जोड) वापरा, तेही पहिल्या दिवसापासून. दोन केबीचा आयकॉन मात्र खुशाल ठेवा, मीही ठेवतो.