गप्पांचा ग्रुप काढायचाय? आधी दहा-पंधरा माणसं बघा

बुद्धिबळ नव्याने शिकणाऱ्यांचा एक चॅट ग्रुप मी चालवते. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर आहे आणि तिथे ग्रुपला सर्व्हर म्हणतात, त्यामुळे खरं तर तेच म्हणायला हवं, पण आम्ही ग्रुपच म्हणतो. आपापल्या विषयावर असा ग्रुप काढू बघणारे अधूनमधून विचारायला येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: व्हॉट्सॲप, टेलिग्राम की डिस्कॉर्ड? त्याकडे येतेच, पण त्याआधी दोन गोष्टी ठरायला हव्यात.

ग्रुप कोणासाठी आहे ते एका वाक्यात लिहून काढा, आणि त्या वाक्यातून कोणीतरी बाहेर राहील असं बघा. 'बुद्धिबळप्रेमींसाठी' असं लिहून काही होत नाही, त्यात सगळेच बसतात. आमचं वाक्य आहे, 'सोंगट्या कशा चालतात ते कळतं, पण डाव कुठे हातचा गेला ते कळत नाही, अशांसाठी.' पट्टीचे खेळाडू हे वाचून बहुधा दुसरीकडे वळतात. त्यातून जे येतात ते शिकवायच्या तयारीनेच येतात.

दुसरं म्हणजे पहिली दहा-पंधरा माणसं. ती सगळीकडे लिंक टाकून मिळत नाहीत. एकेकाला वेगळा मेसेज करा, त्यालाच का बोलावताय ते सांगा, आणि न विचारता कोणाला ॲड करू नका. यात दोन-तीन जण विषयात जरा पुढे गेलेले हवेत, आणि निदान एक जण असा हवा, ज्याला भाबडा प्रश्न विचारायला लाज वाटत नाही. हा माणूस सगळ्यात मोलाचा. त्याने विचारलं की बाकीच्यांची भीड चेपते.

आता जागा. तुमची माणसं आधीपासून जिथे असतात तिथेच ग्रुप काढावा, हे माझं साधं मत. अपवाद एकच: सभासद एकमेकांना अनोळखी असतील तर व्हॉट्सॲप ग्रुप नको. तिथे प्रत्येकाचा फोन नंबर बाकीच्या सगळ्यांना दिसतो आणि मग नको त्या वेळी नको त्याचे मेसेज सुरू होतात. ओळखीच्यांसाठी मात्र त्याच्याइतकं सोपं काही नाही, आणि मर्यादा १०२४ जणांची असल्याने सुरुवातीला जागा अपुरी पडत नाही. टेलिग्रामवर एका ग्रुपमध्ये दोन लाख माणसं मावतात, नंबर लपवता येतो आणि विषयवार कप्पे करता येतात. डिस्कॉर्डवर नंबर दिसण्याचा प्रश्नच नाही, वेगवेगळी चॅनल (विषयवार खोल्या) करता येतात, अधिकार बारकाईने वाटता येतात. फक्त नवखा माणूस पहिल्या दिवशी जरा बावचळतो. स्लॅक या ऑफिसांत चालणाऱ्या चॅट ॲपवर फुकट खात्यात फक्त मागच्या ९० दिवसांचे मेसेज दिसतात, त्यामुळे जुनी उत्तरं पुन्हा उपयोगी पडावीत अशी इच्छा असेल तर तो नको.

मी डिस्कॉर्डचंच सांगते, कारण रोज तेच हाताळते. सुरुवातीला चॅनल चारच ठेवा. आमच्याकडे 'सूचना', 'प्रश्न', 'माझा डाव' आणि 'अवांतर' एवढीच होती. नवीन माणसाला आत आल्याआल्या वीस रिकामी चॅनल दिसली तर तो बोलतच नाही. एखाद्या विषयावरची बडबड दुसऱ्या चॅनलमध्ये मावेनाशी झाली की मगच नवं उघडायचं.

मग सेटिंग. ॲट एव्हरीवन लिहून सगळ्यांचे फोन वाजवण्याचा अधिकार सर्वसाधारण सभासदांकडून काढून घ्या. ॲडमिनिस्ट्रेटर हा अधिकार स्वतःशिवाय कोणालाही देऊ नका, कारण तो एकदा दिला की बाकीच्या सगळ्या मर्यादांना अर्थ उरत नाही. मदतनीसाला मेसेज उडवणं आणि एखाद्याला टाइमआउट देणं, म्हणजे काही काळ बोलायला बंदी करणं, एवढं पुरतं. शेवटी 'या रोलमधून सर्व्हर बघा' (रोल म्हणजे ठरावीक अधिकारांचा सभासदगट) ही सोय वापरून नवख्याच्या नजरेने एक फेरी मारा. आणि आमंत्रणाची लिंक! ती आपोआप बनते तेव्हा सात दिवसांतच संपणारी असते. कायमची लिंक हवी असेल तर 'कधीच संपू नये' असं स्वतः निवडावं लागतं. अनेक चांगल्या ग्रुपांची दारं अशी नकळत बंद झालेली असतात.

नियम थोडे ठेवा, पण नेमके. 'सभ्यतेने वागा' असं लिहून कोणी सभ्य होत नाही. आमचा पहिला नियम, चालू असलेल्या डावाबद्दल मदत मागायची नाही; ती लबाडी होते. दुसरा, 'एवढं साधं कळत नाही?' या सुरात उत्तर द्यायचं नाही. तिसरा, क्लासची किंवा यूट्यूब चॅनलची जाहिरात विचारल्याशिवाय नाही. मोडल्यास काय, तेही तिथेच लिहिलंय: आधी मेसेज उडतो आणि खासगीत कारण कळवलं जातं, मग टाइमआउट, मग बाहेर. टाइमआउट जास्तीत जास्त २८ दिवसांचा देता येतो, पण भांडण शमायला एक दिवस बहुतेक वेळा पुरतो.

खरं काम यापुढे सुरू होतं. आमच्याकडे दर थोड्या दिवसांनी कोणीतरी वैतागून लिहितं, "ॲप बिघडलंय. माझं प्यादं त्याने मारलंच नाही, तरी गायब झालं!" जुन्यांना लगेच कळतं, हा एन पासाँ या प्याद्यांच्या खास नियमाचा बळी. प्यादं दोन घरं पुढे येऊन शत्रूच्या प्याद्याशेजारी थांबलं, तर ते एकच घर चाललंय असं समजून मारता येतं, पण फक्त लगेचच्या चालीत. अशा वेळी पहिलं उत्तर हसण्याच्या इमोजीचं आलं तर तो माणूस पुन्हा काही विचारत नाही. आणि "ॲप बरोबर आहे, या नियमाने सगळ्यांनाच एकदा चकवलंय, डावाची लिंक टाक, दाखवते" असं आलं, तर तोच पुढे दुसऱ्याला हा नियम समजावताना दिसतो. लिचेससारख्या बुद्धिबळाच्या साइटवर खेळलेल्या डावाची लिंक देता येते, त्यामुळे प्रश्नासोबत लिंक मागायची सवय लावलेली बरी. अंदाजपंचे उत्तरं कमी होतात.

मात्र प्रत्येक उत्तर तुम्हीच देऊ नका. मी प्रश्न बघते आणि मुद्दाम थोडी थांबते. कालपरवाच शिकलेल्याला उत्तर द्यायची संधी मिळावी म्हणून. संध्याकाळपर्यंत कोणीच बोललं नाही तर मग मी लिहिते, कारण बिनउत्तराचा प्रश्न तसाच वर पडलेला दिसणं ग्रुपला फार महागात पडतं. निम्म्याहून जास्त सभासद कधी बोलतच नाहीत, याचं मात्र वाईट वाटून घेऊ नका. वेबसाइटच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये ढोबळ हिशेब मांडला होता, की ऑनलाइन समूहांत साधारण ९० टक्के लोक नुसतं वाचतात, ९ टक्के अधूनमधून लिहितात आणि बरंचसं लिखाण १ टक्क्याकडून येतं. नुसतं वाचणारेही शिकतातच की.

ठरलेल्या वेळी एखादी ठरलेली गोष्ट असावी. आमच्याकडे रविवारी एक कोडं येतं: दोन चालींत मात. उत्तराच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन उभ्या रेघा (||) दिल्या की ते झाकलं जातं, बोट लावल्यावरच दिसतं. टेलिग्रामवरही मजकूर असा झाकता येतो. एरवी गप्प असणारे रविवारी हटकून उगवतात.

वाढ सावकाश होऊ द्या. दुसऱ्याच्या ग्रुपमध्ये लिंक टाकायची असेल तर तिथल्या ॲडमिनना आधी विचारा. पुन्हापुन्हा येणाऱ्या प्रश्नांची चांगली उत्तरं पिन करून ठेवा. सभासद तीच बाहेर कोणाला दाखवतात आणि त्यातून येणारी माणसं टिकतात. एकदम गर्दी झालीच तर स्लो मोड लावा, म्हणजे एकाला दोन मेसेजांच्या मध्ये थांबावं लागतं, पाच सेकंदांपासून सहा तासांपर्यंत. गर्दीबरोबर फुकट गिफ्टच्या लिंकाही येतात, म्हणून नवख्यांना काही काळ लिंक टाकू देऊ नये. जुन्या, साध्या सभासदाने अचानक तसली लिंक टाकली तर त्याच्यावर डाफरू नका. बहुधा त्याचं खातं कोणीतरी पळवलेलं असतं. मेसेज उडवा, त्या खात्याला टाइमआउट द्या आणि त्याला दुसऱ्या मार्गाने कळवा.

मदतनीस निवडताना "मला मॉडरेटर (ग्रुपवर देखरेख करणारा) करा ना" म्हणणारे बाजूला ठेवा. तिसऱ्यांदा आलेल्या त्याच प्रश्नाला न चिडता उत्तर देणारा शोधा आणि त्याला आपणहून विचारा. दोघं असावेत, शक्यतो वेगवेगळ्या वेळी जागे असणारे, आणि दोघांनीही खात्याला टू-स्टेप, म्हणजे लॉग इन करताना दुहेरी पडताळणी, लावलेलं हवं.

डिस्कॉर्डवर सर्व्हरचा मालक एकच असतो. तुम्हाला कंटाळा आला किंवा वेळ मिळेनासा झाला, तर मालकी दुसऱ्याच्या नावावर करायची सोय सेटिंगमध्येच आहे. टेलिग्रामवरही आहे, फक्त तिथे तुमच्या खात्याला टू-स्टेप आधीपासून लावलेलं लागतं. ते आजच लावून टाका.