बिशपांच्या स्मारकाची शिला करायला घेताना

वसईत आमचा धंदा मुख्यतः कबरींवरचे दगड आणि क्रूस यांचा. नाक्यावरच्या स्मारकाची शिला मात्र वेगळी. कबरीपाशी माणूस थांबतो, नाक्यावर तो रिक्षातून जाताजाता वाचतो. म्हणून आधी मजकूर पक्का करा, दगडाचं नंतर.

समजा कार्डिनल (कॅथलिक चर्चमध्ये पोपच्या खालोखालचं पद) व्हॅलेरियन ग्रेशियस यांची शिला आहे. समिती हमखास दोन पानं घेऊन येते: १९०० साली कराचीत जन्म, १९५० पासून मुंबईचे आर्चबिशप, १९५३ साली कार्डिनल, १९६४ च्या युकॅरिस्टिक काँग्रेसला (कॅथलिकांच्या जागतिक धर्ममेळाव्याला) पोप पॉल सहावे मुंबईत आले ते यांच्याच कारकिर्दीत, १९६६ ला पद्मविभूषण, १९७८ ला निधन. सगळं खरं. पण मोठ्या दगडावर नाव, जन्म-मृत्यूची सालं आणि ‘भारताचे पहिले कार्डिनल, १९५३’ एवढंच घ्या. बाकीचं बाजूच्या लहान पाटीवर. तिथेही पद्मविभूषण नावाच्या आधी लावू नका, तो पुरस्कार पदवीसारखा वापरता येत नाही. उद्घाटकांची नावं वेगळ्या दगडावर, खाली. यावरून समितीत वाद होणारच, होऊ द्या. नावाचं देवनागरी लिखाण मात्र चर्चमधून कागदावर, सहीनिशी घ्या.

दगड काळा ग्रॅनाइटच. संगमरवर देखणा, चर्चच्या आत खुशाल लावा, पण उघड्यावर खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस त्याची झिलई खातो, अक्षरांच्या कडा बोथट होतात.

दहा फुटांवरून वाचायचं तर अक्षर निदान इंचभर हवं. खरी मेख ओळींमधल्या अंतरात. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत घुसतात, म्हणून जवळजवळ अक्षराएवढीच मोकळी जागा सोडा. ‘कार्डिनल’ हा शब्दच बघा: ‘र्डि’वर रफार आणि वेलांटी एकाच जागी येतात. कॉम्प्युटरवर छान दिसतं, पण दगडात त्या दोघांमधली पातळ भिंत सँडब्लास्टच्या, म्हणजे जोराने फवारलेल्या वाळूच्या, माऱ्याने उडते. तेवढा रफार स्टेन्सिलवर (दगडावर चिकटवायच्या, अक्षरं कापलेल्या साच्यावर) हाताने जरा उजवीकडे सरकवून घ्या. ‘व्हॅ’च्या चंद्राचंही तेच, तो शिरोरेषेला चिकटू देऊ नका. अक्षराची खोली दोन-तीन मिलिमीटर मिळाली की रंग धरून राहतो. रंग पांढरा घ्या. सोनेरी पहिल्या वर्षी झकास दिसतो, मग तपकिरी पडतो.

बसवताना लोखंडी पिन अजिबात नको. गंजली की फुगते आणि दगड कोपऱ्यातून फुटतो. ३१६ ग्रेडचं स्टेनलेस मागा, साध्या स्टेनलेसवरही आपल्या हवेत तांबूस डाग पडतात. शिलेमागे शिरलेलं पाणी निघायला खाली फट ठेवा, आणि हारासाठी स्टीलचे दोन आकडे आधीच बसवा. नाहीतर कुणीतरी सांध्यात खिळा ठोकतंच.

धुवायला साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. ॲसिडची बाटली लांब ठेवा, दगडाला नसलं तरी सांध्यातल्या सिमेंटला ते खातं. राहिली रंगाची डागडुजी. ग्रेशियस यांची पुण्यतिथी ११ सप्टेंबरला, ऐन पावसातच. ऑगस्टमध्ये दोन-तीन दिवसांची उघडीप मिळाली की रंगाऱ्याला लगेच बोलवा, गणपतीच्या धावपळीत तो सापडणार नाही.