गाठीचं इंजेक्शन घेताय? आधी ऑपरेशनची तारीख घ्या

माझ्या गर्भपिशवीत सहा सेंटिमीटरची गाठ (फायब्रॉइड), हिमोग्लोबिन 7.8. पाळीच्या दिवसांत शाळेत खुर्चीवर काळी ओढणी अंथरून बसायचे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी रक्त वाढवू, मग ऑपरेशन. त्यासाठी ल्युप्रोलाइड, 3.75 मिलिग्रॅम, दर 28 दिवसांनी एक, अशी तीन इंजेक्शनं.

पहिल्या इंजेक्शनाआधी दिवस गेले नाहीत ना, याची तपासणी करून घ्या आणि ऑपरेशनची तारीख मागून घ्या. हे औषध गाठ काढत नाही. इस्ट्रोजेन हे बाईच्या शरीरातलं हार्मोन बंद पाडतं, म्हणून गाठ आकसते. औषध थांबलं की पाळी परत येते, गाठही पुन्हा वाढू लागते. 'बघू पुढे' म्हणत इंजेक्शनं वाढवू नका, हाडं झिजतात.

पहिल्या पंधरवड्यात त्रास उलट वाढू शकतो, कारण हे औषध मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीला आधी डिवचतं, मग गप्प करतं. नवव्या दिवशी मला इतकं जायला लागलं की रडूच फुटलं. तासाला एक पॅड भिजायला लागला तर मात्र रडत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

मग गरम वाफा सुरू होतात. सुती गाऊन, उशाशी तांब्या. ऐन थंडीत आमच्याकडे पंखा पाचवर आणि ह्यांच्या अंगावर दोन गोधड्या! चिडचिड होणार हे घरी आधीच सांगून ठेवा.

लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहा तासभर लांब. कॅल्शियम रात्री, दोन्ही एकत्र नको. शौच काळी झाली तर घाबरू नका, ते लोहाचंच. पाळी थांबली म्हणजे दिवस जाणारच नाहीत असं नाही, निरोध वापरा.

एंडोमेट्रिओसिसवरही (गर्भपिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढतं, त्यावर) हेच इंजेक्शन देतात, पण नुसतं इंजेक्शन सहा महिन्यांपर्यंतच. त्यापुढे न्यायचं तर हाडांसाठी सोबत नॉरएथिस्टेरॉन या हार्मोनची गोळी असते का, ते विचारा. न्यू जर्सीतली माझी भाची त्याच दुखण्यासाठी रेलुगोलिक्सची रोजची गोळी घेते. तिला सुरुवातीचा तो भडका नाही, पण तिलाही 24 महिन्यांची मर्यादा आहेच.

तिसऱ्या इंजेक्शनानंतर माझं हिमोग्लोबिन 11.2 आलं. ऑपरेशन ठरल्या सोमवारी झालं. ओढणीचं आता पायपुसणं केलंय.