घड्याळ इथलं लावा: जर्मनीत शिकायला आलेल्यांसाठी

जर्मनीत शिकायला आलेल्यांचं पहिलं वर्ष बहुतेकदा दोन ठिकाणी जातं: अर्धं घरच्या फोनवर आणि अर्धं ‘नोकरी लागली की मग बघू’ यात. ज्या खोलीचं भाडं भरतो, तिथे राहायचंच राहून जातं. डोळे मिटून श्वास मोजायला लावणारी ॲप्स यावर पुष्कळ मिळतात. ती वाईट नाहीत, पण आधी वेळापत्रक दुरुस्त करा. मन त्याच्या मागून येतं.

सुरुवात फोनपासून. भारत उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे असतो आणि हिवाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं बदलतात. घरची जेवणं उरकून रात्री दहाला फोन येतो, तेव्हा हिवाळ्यात इथे साडेपाच वाजलेले असतात. नेमकं याच सुमाराला वर्गातले लोक खेळायला, एकत्र स्वयंपाक करायला किंवा बिअर प्यायला निघतात. तुम्ही तासभर फोनवर. महिना-दीड महिना असं चाललं की बोलावणारे बोलवायचं थांबतात, आणि त्यात त्यांची काही चूक नसते.

म्हणून आठवड्यातला छोटा फोन सकाळी करा. हिवाळ्यात पावणेआठला ट्राम गाठायला चालत निघालात तर घरी सव्वाबारा झालेले असतात. दहा मिनिटं पुरतात. मोठा फोन रविवारी साडेअकराला, म्हणजे घरी चार, चहाची वेळ. मार्चमध्ये घड्याळ बदललं की तोच फोन साडेबाराला न्या, नाहीतर तीन वाजता दुपारची झोप मोडल्याबद्दल बोलणी खावी लागतील. हे सगळं घरी आधी सांगून करा: ‘आई, बुधवारी आणि रविवारी नक्की करेन, मधे नाही केला तर काळजी करू नकोस.’ न सांगता फोन कमी केले की घरच्यांना घोर लागतो आणि फोन दुपटीने यायला लागतात.

रुपयांचा हिशोब हा दुसरा चोर. विद्यार्थ्यांच्या ब्लॉक्ड अकाउंटची, म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून ठेवायच्या आणि दरमहा थोडी थोडी मिळणाऱ्या खर्चाच्या पैशांची, रक्कम सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो झाली, म्हणजे महिन्याला ९९२. खर्च या ९९२ मध्ये बसतो का, एवढाच प्रश्न असतो. प्रत्येक कॉफीचे रुपये केले तर कॉफी कडू लागते आणि कॉफीला बोलावणाराही नकोसा होतो. महिन्याच्या १ तारखेला भाडं, विमा, फोन आणि प्रवासाचे पैसे बाजूला काढा, उरलेल्याचे चार भाग करा आणि दर सोमवारी एकच भाग वापरायला घ्या. महिन्याचे चार आठवडे पूर्ण होऊनही दोन-तीन दिवस उरतात, त्यांच्यासाठी थोडं आधीच राखून ठेवा. वस्तू महाग की स्वस्त हे ठरवताना युनिव्हर्सिटीच्या मेन्झातलं, म्हणजे कँटीनमधलं, एक ताट हे माप धरा. रुपयांत गुणाकार करायचा तो फक्त कर्जाचा हप्ता आणि विमानाचं तिकीट, या दोनच गोष्टींचा.

बॅग पहिल्या आठवड्यात पूर्ण रिकामी करून तळघरात ठेवा. ‘दोनच वर्षं तर राहायचंय’ म्हणून लोक उशीशिवाय, एका भांड्यात दिवस काढतात. दोन वर्षं म्हणजे शंभराहून जास्त रविवार. एक बरी उशी, पिवळ्या प्रकाशाचा टेबललॅम्प आणि एक जाड बुडाची कढई एवढं तरी घ्याच. जुन्या बाजारात स्वस्त मिळतं, आणि जाताना विकताही येतं.

आठवड्यातून एक संध्याकाळ ठरलेल्या वारी, ठरलेल्या लोकांबरोबर बाहेर घालवा. युनिव्हर्सिटीचे खेळाचे वर्ग, म्हणजे होखशूलश्पोर्ट, सर्वांत सोपे. पण बॅडमिंटनसारखे वर्ग नोंदणी उघडल्यावर काही मिनिटांत भरतात, तेव्हा तारीख आधी पाहून ठेवा. मराठी मंडळाच्या गणपतीला जरूर जा. मात्र सगळी ओळखपाळख तिथलीच असली तर जर्मन सुधारत नाही, आणि भाषा येत नसली की शेजारचं हसणंही आपल्याबद्दलच वाटतं. रविवारी दुकानं बंद असतात. शनिवारी दूध-भाजी आणून ठेवली नाही तर रविवार उपाशीपोटी चिडचिडीत जातो आणि घरची आठवण चौपट येते.

खरी परीक्षा नोव्हेंबर ते जानेवारी. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बर्लिनमध्ये सव्वाआठच्या सुमारास उजाडतं आणि चारच्या आत सूर्य मावळतो. वर्ग आणि लायब्ररी करून बाहेर पडलं की अंधारच. म्हणून दुपारी बारा ते दोनमध्ये अर्धा तास बाहेर चाला, ढग असले तरी. ढगाळ दुपारचा उजेडसुद्धा खोलीतल्या दिव्यांच्या कैकपट असतो. ऑक्टोबर ते मार्च इथल्या उन्हात त्वचेला ड जीवनसत्त्व पुरेसं तयार करता येत नाही, आणि सावळ्या त्वचेला ऊन आणखी जास्त लागतं. मनाने गोळ्या सुरू करू नका, डॉक्टरांना विचारून घ्या. दोन आठवडे झोप, भूक, अभ्यास सगळंच बिघडलेलं असेल तर ती निव्वळ घरची आठवण समजू नका. श्टुडिरेंडनवेर्कमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सोयी पाहणाऱ्या संस्थेत, समुपदेशन मिळतं. वेळ मिळायला बरेच दिवस लागू शकतात, म्हणून लवकर नाव नोंदवा. रात्री-अपरात्री टेलेफोनझेलझोर्गं या मानसिक आधाराच्या हेल्पलाइनचा ०८०० १११०१११ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, संभाषण मुख्यतः जर्मनमध्ये.

आणि बाजार ऋतूप्रमाणे करा. वर्षभर गोठवलेली भेंडी खाणाऱ्याला महिना कुठला चाललाय हे कळत नाही. सप्टेंबरमध्ये नारिंगी होक्काइडो भोपळा येतो. त्याची साल काढावी लागत नाही आणि घारगे छान होतात. आपल्या लाल भोपळ्यापेक्षा त्याला पाणी कमी सुटतं, तेव्हा पीठ बेताने घाला. एप्रिलमध्ये श्पार्गेल, म्हणजे पांढरी शतावरी येते. ती सोलून, जिरं-मिरचीच्या फोडणीवर सात-आठ मिनिटं झाकून ठेवली की पुरे. काढणी परंपरेने २४ जूनला थांबते, तेव्हा ‘परीक्षा झाल्यावर करू’ म्हणून ठेवली तर ती पुढच्या एप्रिलमध्येच भेटेल.